चोक बंद केला की गाडी बंद पडते: कार्बोरेटर स्वतः साफ करायला शिकणाऱ्यास सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची २००७ सालची स्प्लेंडर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ-नऊ महिने उभी होती. आता ती चोक ओढल्यावरच सुरू होते, चोक बंद केला की दोन-तीन आचके देऊन बंद पडते, पण ॲक्सिलरेटर पिळून धरला तर चालत राहते. गॅरेजमध्ये कार्बोरेटरच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. तुम्ही आजवर पाना हातात धरलेला नाही, तरीही कार्बोरेटर स्वतः साफ करून पाहावा का, असे तुम्ही विचारता.

जरूर पाहावा. सांगली जिल्ह्यात माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षे मी हेच काम करतो. उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर क्वचितच खराब झालेला असतो. तो बहुतेक वेळा फक्त तुंबलेला असतो. मात्र काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण नवशिक्यांच्या हातून बिघडलेले जितके कार्बोरेटर माझ्याकडे येतात, त्यांतले बहुतेक याच एका गफलतीमुळे बिघडलेले असतात. साफ करणे वेगळे आणि सेटिंग बदलणे वेगळे. तुमची गाडी उभी करण्याआधी नीट चालत होती, म्हणजे तिचे सेटिंग बरोबर होते. आठ महिन्यांत तिच्यात कचरा बसला, सेटिंग काही बदलले नाही. त्यामुळे प्रत्येक स्क्रू, प्रत्येक क्लिप, प्रत्येक पत्री जिथे होती तिथेच परत बसवायची आहे. साफसफाई करताना हाताला चाळा म्हणून एखादा स्क्रू अर्धा आटा फिरवला गेला, तर पुढे गाडी बिघडते ती कचऱ्यामुळे की त्या अर्ध्या आट्यामुळे, हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही कळत नाही.

आता तुमच्या गाडीचे लक्षण काय सांगते ते पाहू, कारण निदान आधी आणि पाना नंतर. कार्बोरेटरचे काम म्हणजे हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला देणे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. इंजिन हवा ओढते, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे तळाच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी नळीतून, वर खेचले जाते. हे पेट्रोल वर येण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात. गाडी जागेवर चालू असताना, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता, पेट्रोल फक्त स्लो जेटमधून येते. ॲक्सिलरेटर पाव ते पाऊण पिळेपर्यंत स्लाइडला, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या केबलने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला, लटकलेली निमुळती सुई हिशेब ठेवते, आणि त्यापुढे मेन जेट. चोक काय करतो? हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. तेव्हा जी गाडी चोकवर चालते, रेस दिली की चालते, पण चोक काढून जागेवर सोडली की मरते, तिला स्लो जेटच्या वाटेने पेट्रोल मिळत नाही, एवढा अर्थ सरळ निघतो. या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. आठ महिन्यांत पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट थर एवढे छिद्र सहज बुजवतो.

तरीही कार्बोरेटर उतरवण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात असा माझा आग्रह आहे. टाकीतले पेट्रोल आठ महिन्यांचेच असेल तर ते काढून ताजे भरा. जुन्या पेट्रोलचा वास आंबूस, वार्निशसारखा येतो आणि नाकाला फरक लगेच कळतो. प्लग काढून घासा किंवा नवा घाला, तो महाग नाही. एअर फिल्टर उघडून पाहा, कारण बंद पार्किंगमध्ये उंदरांनी त्या पेटीत घरटे केलेले मी अनेकदा पाहिले आहे. शेवटी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर, गाडी चोकवर चालू असताना, झाडांना मारायच्या फवाऱ्याने थोडे पाणी उडवा. इंजिनाचा आवाज त्या क्षणी बदलला तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आहे. अशा गाडीचा कार्बोरेटर दहा वेळा साफ केला तरी गुण येणार नाही; तिथली ओ-रिंग (गोल रबरी कडी) किंवा पॅकिंग बदलावी लागेल.

हत्यारांची यादी लहान आहे, पण त्यांतल्या एकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. दहाचा पाना, बारीक पक्कड, रुंद आणि अरुंद असे दोन पट्टीचे स्क्रूड्रायव्हर आणि एक स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो. जपानी धाटणीच्या कार्बोरेटरवरचे स्टार स्क्रू साध्या फिलिप्स मापाचे नसतात, ते जपानी मापाचे असतात. दिसायला सारखे, पण खाच वेगळी. साधा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाच गोल करून टाकतो. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास खाचेत घट्ट बसणारा निवडा, वरून तळव्याने दाबून धरा, आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर जास्त ठेवा. स्क्रू हलतच नसेल तर स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून मुठीवर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. बसलेले आटे मोकळे होतात. पट्टीचा स्क्रूड्रायव्हर जेटच्या खाचेएवढाच रुंद हवा. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ असते. लहान स्क्रूड्रायव्हरने त्याच्या खाचेचे कान एका झटक्यात मोडतात.

याखेरीज कार्बोरेटर क्लिनरचा स्प्रे, जुने सुती फडके, दोन स्टीलच्या वाट्या, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. चष्मा अजिबात टाळू नका. एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्याच भोकातून बाहेर येतो, आणि ते दुसरे भोक नेमके तुमच्या चेहऱ्याकडे तोंड करून असते.

जागेबद्दलही तितकेच निक्षून सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरवर ठिणगी मिळाली तरी पेटते. फ्लॅटच्या गॅलरीत, जिथे पलीकडे स्वयंपाकघरात गॅस पेटलेला आहे किंवा देवघरात समई तेवते आहे, तिथे हे काम करायचे नाही. खाली मोकळ्यावर, सावलीत, इंजिन पूर्ण थंड असताना बसा. वाटीतून निघालेले पेट्रोल गटारात ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या.

आता प्रत्यक्ष काम. पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करा. कार्बोरेटरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली उजेडात धरून दोन मिनिटे नुसती पाहा. तळाशी पाण्याचे गोल थेंब दिसतात का, तांबूस गंज दिसतो का, की नुसता पिवळा रंग आहे? या बाटलीकडे मी नव्या मुलांना सगळ्यात आधी बघायला लावतो, कारण पुढे काय सापडणार आहे हे ती आधीच सांगते. त्यानंतर कार्बोरेटरचे अंग बाहेरून रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून धुऊन कोरडे करा. बाहेरची माती न धुता उघडलेला कार्बोरेटर साफ करताना आणखी घाण होतो.

पेट्रोलची नळी काढा, फिल्टरकडच्या रबरी नळीचा क्लँप सैल करा, वरचे गोल झाकण हाताने फिरवून स्लाइड केबलसकट अलगद वर ओढून घ्या आणि ती फडक्यात गुंडाळून हँडलला लटकवून ठेवा, म्हणजे सुई वाकणार नाही. इंजिनाकडचे दोन बोल्ट काढले की कार्बोरेटर हातात येतो. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. आमच्या काळी ही सोय नव्हती. आम्ही पुठ्ठ्यावर कार्बोरेटरचे चित्र काढून त्या-त्या जागी स्क्रू खोचून ठेवत असू, आणि ती पद्धत मला आजही फोटोपेक्षा भरवशाची वाटते, कारण स्क्रूची लांबी फोटोत कळत नाही.

जागेवर चालताना मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा जो हवेचा स्क्रू बाजूला असतो, तो काढण्यापूर्वी एक मोजणी अत्यावश्यक आहे. तो हलक्या हाताने आत फिरवत जा आणि अर्धे-पाव मोजत तळाला टेकेपर्यंत किती आटे फिरला ते लिहून ठेवा, उदाहरणार्थ पावणेदोन. टेकला की थांबा. आवळला तर त्याचे अणकुचीदार टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात. मग तो पूर्ण काढा आणि त्याच्या मागून निघणारी स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग मोजून वाटीत टाका. ही ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. ती आत असताना स्प्रे मारला तर रबर फुगते आणि परत बसत नाही. काही गाड्यांत हा स्क्रू टोपी लावून बंद केलेला असतो; तसे असेल तर त्याला हात लावू नका.

तळाची वाटी उघडल्यावर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, दिसेल. त्याची आडवी पिन बारीक पकडीने सरकवा, आणि जोर लागत असेल तर ती दुसऱ्या बाजूने निघते का ते पाहा, कारण जोरजबरदस्तीने पिनेचा खांब तुटला तर मग मात्र खरोखरच कार्बोरेटर बदलावा लागतो. फ्लोटबरोबर त्याला लटकलेली फ्लोट निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी छोटी सुई, हीही येईल. तिच्या रबरी टोकाभोवती गोल खळगी पडलेली दिसली तर ती बदलायची. वाटीच्या तळाला उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यासारखा तपकिरी थर असेल, पितळेवर हिरवट आणि अंगावर पांढरट भुकटी असेल. हिरवट थर पितळेचा, पांढरी भुकटी पाणी लागलेल्या धातूची.

मग जेट. मधला मोठा तो मेन जेट, त्याच्या शेजारी खोल भोकात बसलेला लहान तो स्लो जेट. काही मॉडेलमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो आणि त्याला स्क्रूची खाचच नसते. तो उपटण्याचा प्रयत्न करू नका, जागेवरच साफ करा. खाच असेल तर काढा, बोटांत धरा आणि आकाशाकडे रोखून त्यातून पाहा. छिद्र स्वच्छ असेल तर उजेडाचा एक काटेकोर गोल ठिपका दिसतो, अगदी सुईच्या टोकाएवढा, पण कडा रेखीव. तुंबलेल्या जेटमधून काहीच दिसत नाही. अर्धवट तुंबलेल्यातून पिवळट, कडा फाटलेला ठिपका दिसतो, आणि नवशिका नेमका इथे फसतो, कारण उजेड दिसला म्हणजे झाले असे त्याला वाटते. ठिपका पूर्ण गोल होईपर्यंत जेट साफ झालेला नाही. याच जेटच्या अंगाला आडवी बारीक भोकेही असतात, तीही एकेक पाहा.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याची गाडी अशीच जागेवर मरत होती. मी क्लच वायरचा एक पोलादी धागा तोडला आणि स्लो जेटमधून चांगला दहा वेळा आरपार ओढला. गाडी छान चालू झाली, गिऱ्हाईक खूश होऊन गेले. पंधरा दिवसांनी ते परत आले: ॲव्हरेज पडले होते आणि प्लग काजळीने काळा झाला होता. माझ्या वस्तादांनी तो जेट आणि एक नवा जेट शेजारी-शेजारी धरून मला उजेडात दाखवले. माझ्या जेटचे भोक लांबट झाले होते. पोलाद पितळेला कापते, एवढी साधी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून पोलादी तार, टाचणी, सुई यांतले काहीही मी जेटमध्ये घातलेले नाही. घरातल्या जुन्या बहुतारी वायरचा तांब्याचा एक केसासारखा धागा घ्या. तो मऊ असतो. तोही जेट क्लिनरमध्ये अर्धा-एक तास भिजल्यावर, न दाबता घालायचा. गेला नाही तर रात्रभर भिजवा. घाई असेल तर थोडे पैसे देऊन नवा जेट आणा, मात्र त्यावर कोरलेला आकडा जुन्यावरचाच हवा.

आपल्याकडे पितळ काळे पडले की चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून घासायची घरोघरची सवय आहे, आणि जेट पितळेचा दिसला की तो मोह होतो. तसे करू नका. जेटला चकाकी नको आहे, त्याचे माप टिकायला हवे. शिवाय आंबट पदार्थ कार्बोरेटरच्या ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगाला खातात. पॉलिश पेपरही याच कारणासाठी वर्ज्य.

आता मुख्य अंग. सगळे रबर, फ्लोट आणि निडल बाजूला काढले आहेत याची खात्री करून प्रत्येक भोकात स्प्रे मारा आणि तो कुठून बाहेर येतो ते शोधा. जेट साफ झाला पण त्याच्या पुढची वाट तुंबलेली राहिली, हे घरी केलेल्या कामांत सर्रास घडते. स्लो जेटच्या भोकात स्प्रेची नळी धरून मारल्यावर मुख्य गळ्यात, इंजिनाच्या बाजूला, स्लाइडच्या जागेजवळ जी एक-दोन बारीक छिद्रे असतात, तिथून कारंज्यासारखी सरळ धार उडाली पाहिजे. नुसते थेंब ओघळले तर अजून कचरा आहे. पुन्हा भिजवा, पुन्हा मारा. दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून मारल्याने बसलेला कचरा हलतो. हवेच्या स्क्रूच्या भोकातून आणि फिल्टरकडच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकांतूनही हेच करा. नंतर हवा मारा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल, पण त्याच्या हवेत पाणी असते, म्हणून आधी थोडी हवा बाहेर सोडा आणि मगच वापरा. सायकलचा पायपंप आणि बॉलमध्ये हवा भरायची बारीक नळी एवढ्यावरही हे काम निभते. मी खेड्यात जाऊन कितीतरी वेळा तसेच केले आहे.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळत असेल तर तो फुटला आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा. फट असेल तिथून बुडबुडे येतात. फ्लोटची पितळी पत्री मात्र वाकवू नका. तिच्यावरच वाटीतली पेट्रोलची पातळी ठरते, आणि ती पातळी दोन मिलिमीटरने चुकली तरी गाडी ओव्हरफ्लो तरी होते किंवा वेगात पेट्रोलला कमी तरी पडते.

परत जोडताना उलट क्रमाने जायचे. जेट बोटांनी फिरवून बसवा, शेवटचा पाव आटा तेवढा स्क्रूड्रायव्हरने. वाटीची रबरी पॅकिंग खाचेत पूर्ण बसली आहे हे पाहून सगळे स्क्रू आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर खर्चाचे काम होते, तेव्हा मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे. हवेचा स्क्रू टेकवून, लिहून ठेवलेला आकडा परत मोजा.

स्लाइड बसवताना पूर्ण लक्ष द्या, कारण इथली चूक धोक्याची आहे. स्लाइडच्या एका अंगाला उभी खाच असते, ती कार्बोरेटरच्या आतल्या बारीक खिळीवर बसली पाहिजे, आणि स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे आला पाहिजे. उलटी बसवली तर ती वरच अडकते आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेस घेते. म्हणून गाडी सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक’ असा आवाज आलाच पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही तो आवाज ऐका. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी.

कॉक उघडा आणि लगेच किक मारू नका. दोन मिनिटे थांबून ओव्हरफ्लोच्या नळीखाली बोट धरा. थेंब येत असेल तर फ्लोट निडल नीट बसलेली नाही. कॉक बंद करा आणि वाटी पुन्हा उघडा. ड्रेनच्या नळीला पारदर्शक नळी जोडून ती वाटीच्या बाजूला उभी धरली आणि ड्रेनचा स्क्रू थोडा सैल केला, तर आतली पातळी बाहेर दिसते. ती वाटीच्या जोडरेषेच्या किंचित खाली थांबली पाहिजे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की फ्लोटचे काम आयुष्यभर लक्षात राहते.

सगळे ठीक असेल तर चोकवर सुरू करा, पाच-सात मिनिटे गरम होऊ द्या आणि चोक काढा. गाडी जागेवर धरली पाहिजे. तुमच्या गाडीचा आयडलिंगचा, म्हणजे जागेवर चालण्याचा, वेग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. मीटर नसले तरी कान पुरतो: प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल एवढे संथही नको आणि सलग गुणगुणेल एवढे वेगवानही नको. कमी-जास्त करायचे असेल तर फक्त आयडलिंगचा स्क्रू (स्लाइड किंचित वर-खाली धरणारा) फिरवा. ट्युनिंग शिकायचे असेल तर आठ दिवस गाडी चालवा, सगळे स्थिर झाले की मग गरम इंजिनावर हवेचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवून आवाज कुठे सर्वांत चढतो ते ऐका. त्या जागी ठेवा आणि आयडलिंग पुन्हा खाली आणा. साफसफाईच्या दिवशी हे करू नका.

दोनदा नीट साफ करूनही गाडी जागेवर धरत नसेल, तर तिसऱ्यांदा कार्बोरेटर उघडू नका. टॅपेट घट्ट झाले असतील, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची बारीक फट कमी झाली असेल, तर अगदी हेच लक्षण दिसते, आणि वर्षानुवर्षे टॅपेट न तपासलेल्या गाडीत तो संशय आधी घ्यावा. ते मापाच्या पत्तीने तपासायचे काम पहिल्या वेळी जाणत्या माणसासमोर करावे.

कचरा आला कुठून, हा प्रश्न सुटल्याशिवाय काम पुरे होत नाही. टाकीच्या तोंडातून टॉर्चने आत पाहा. गंज दिसला तर तो कॉकच्या जाळीतून बारीक होऊन पुन्हा खाली उतरेल आणि महिन्याभरात तुम्ही परत इथेच याल. कॉक काढून जाळी धुवा, नळी कडक झाली असेल तर नवी घाला. शिवाय पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांतूनही ते बनते आणि त्यातून ऊसवाल्याला पैसा मिळतो याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि पावसाळाभर उभ्या गाडीत तो ओलावा पुरेसा साठला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. पांढरी भुकटी आणि ते गोल थेंब तिथून येतात. २००७ सालच्या गाडीचे रबर एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेले नाही, म्हणून वाटीची पॅकिंग, ओ-रिंगा आणि नळी दर खेपेला बोटांनी दाबून पाहा. गाडी तीन-चार आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ड्रेनच्या स्क्रूने वाटी रिकामी करा. दोन मिनिटांचे काम आहे. टाकी मात्र भरलेली ठेवा, म्हणजे आत गंज धरायला आणि ओलावा साठायला जागा कमी राहते.

हे शिकलेले पुढे कुठे उपयोगी पडेल असेही तुमच्या मनात असेल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकली बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरशिवाय पेट्रोल फवारणाऱ्या, आल्या, पण त्याआधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. आरएक्स १०० किंवा जुनी बुलेट उघडलीत तर तुम्हाला हीच स्लाइड, हीच सुई आणि हेच दोन जेट भेटतील. पल्सर १५० किंवा युनिकॉर्नमध्ये मात्र स्लाइड केबलने नव्हे, तर हवेच्या दाबाने उचलली जाते आणि तिच्या डोक्यावर पातळ रबरी पडदा असतो. त्या पडद्यावर स्प्रेचा एक थेंबही पडता कामा नये, आणि झाकण लावताना त्याची कड चिमटली जाता कामा नये. पहिला हात तुमच्या स्प्लेंडरवर बसवा, तिकडे नंतर वळा.

राहता राहिला कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला. स्लाइड आणि तिची भिंत झिजून स्लाइड बोटाने हलवल्यावर खडखडत असेल, वाटीचे किंवा जेटचे आटे गेले असतील, फ्लोटच्या पिनेचा खांब तुटला असेल, किंवा पांढऱ्या भुकटीखाली धातूला खड्डे पडून आतली वाटच खाल्ली गेली असेल, तर तो सल्ला बरोबर आहे. यांतले काहीच नसेल तर जुना मूळ कार्बोरेटर टाकून बाजारातला स्वस्त नकली बसवू नका; त्यातल्या जेटवर आकडा एक कोरलेला असतो आणि भोक दुसऱ्याच मापाचे असते, हे मी पिन गेजने (ठरावीक जाडीच्या पिनांनी) मोजून पाहिले आहे. वाटी उघडल्यावर या चार जागांचे उजेडात फोटो काढा आणि बदलायला सांगणाऱ्याला त्यांतले नेमके काय झिजले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.